आप्पांचं लॉगबुक आणि पेन्सिलीतले आकडे

पेटीतली_पानं

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे वडील, आमचे आप्पा, हवाई दलात पॅकेट विमानाचे पायलट होते. घर मूळचं कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं, निवृत्तीनंतर राजारामपुरीत आलो. आप्पांना जाऊन पंधरा वर्षं झाली. यंदाच्या पावसात माळ्यावर गळती लागली म्हणून त्यांची काळी लोखंडी ट्रंक खाली काढली. इतकी वर्षं ती उघडायचा धीर आईलाही झाला नव्हता आणि मलाही.

आत आईची पत्रं निघाली, सुतळीनं बांधलेली, प्रत्येकावर 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' आणि सगळ्यात खाली तीन लॉगबुकं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: पायलटचं लॉगबुक म्हणजे जाडजूड, आडवं, खातेवहीसारखं पुस्तक. एका उड्डाणाला एक ओळ. तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर, सोबत कोण, काम काय, किती तास. दिवसाचं उड्डाण काळ्या शाईत, रात्रीचं लाल. आप्पांचं अक्षर इतकं नेटकं की एक ओळ खोडलेली सापडली नाही.

वाचत गेले तसं लक्षात आलं, जिथे जिथे कामाच्या रकान्यात पॅराड्रॉप, म्हणजे जवानांना छत्रीनं खाली उतरवणं, असं लिहिलंय, तिथे समासात बारीक पेन्सिलीनं आकडे आहेत. ४०/४०. ३८/३८. ४१/४१. पानामागून पान असंच. आणि मग ११ डिसेंबर १९७१ ची ओळ येते. तिथे ४०, त्यापुढे तिरकी रेघ, आणि पुढची जागा कोरी.

हवाई दलात किंवा पॅरामध्ये कुणी होतं का आपल्यात? हे आकडे कसले? आणि त्या दिवशीचा दुसरा आकडा का नाही?

रंकाळाकाठ

ताई, वाचून अंगावर काटा आला. आपल्या राजारामपुरीत असा माणूस राहून गेला आणि आम्हाला पत्ताच नाही. त्यांनी शत्रूची विमानं किती पाडली, त्याची काही नोंद आहे का?

पेटीतली_पानं

रंकाळाकाठ, मनापासून आभार. पण हाच प्रश्न आप्पांना जन्मभर विचारला गेला. शाळेत पंधरा ऑगस्टला बोलवायचे तेव्हाही पोरं हेच विचारायची. पॅकेट हे मालवाहू विमान. त्यावर बंदूकच नाही. मोठं पोट, दोन पंखे, मागे दोन शेपट्या. आप्पा सांगायचे, "मी माणसं न्यायचो, पोती न्यायचो, खाली टाकायचो आणि रिकामा परत यायचो." पोरांचा हिरमोड व्हायचा, आणि तो बघून आप्पांचाही व्हायचा. घरी येऊन कोट काढून ठेवायचे आणि बराच वेळ बोलायचे नाहीत.

जुना_फिटर

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. आता मुक्काम कसबा बावडा. पॅकेटवर तीन वर्षं हात काळे केलेत, म्हणून लिहितो.

मालवाहू विमान म्हणून कुणी हलकं लेखू नये. अमेरिकेत बनलेलं हे विमान हिमालयासाठी केलेलंच नव्हतं. लडाखमध्ये उंचीवर दोन इंजिनांना दम लागायचा, म्हणून आपल्या लोकांनी त्याच्या पाठीवर तिसरं, जेट इंजिन बसवलं. ऑर्फियस, म्हणजे नॅट या लढाऊ विमानाचंच. त्या जोरावर २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं. उंची सोळा हजार फुटांच्या वर. इतक्या उंचीवर विमान उतरवणं हा तेव्हा जगातला विक्रम होता. आतली हवा दाबून धरायची सोय या विमानात नसते, वर गेलं की ऑक्सिजनचा मुखवटा लावूनच बसायचं. हातमोजा काढून पान्याला हात लावला तर कातडी चिकटायची, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता ११ डिसेंबर. ताई, ही तारीख टांगाईलची. त्या दुपारी साडेचारच्या सुमारास आपल्या २ पॅरा बटालियनचे सातशेच्या वर जवान ढाक्याच्या उत्तरेला टांगाईलजवळ उतरवले. पॅकेट, एएन-१२, डाकोटा, कॅरिबू असा सगळा ताफा होता. विमानं कलाईकुंडा आणि दमदमवरून उडाली. लोहजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायचा होता. मयमनसिंगहून ढाक्याकडे मागे सरणारी पाकिस्तानी ब्रिगेड तिथेच अडवायची, हा बेत.

पेन्सिलीतल्या आकड्यांचं मला नक्की सांगता येणार नाही. पहिला आकडा विमानात चढलेले जवान असावेत. पॅकेटमधून चाळीसच्या आसपास जायचे. दुसरा बहुतेक उड्या मारलेल्यांचा.

टेंबलाई_टेकडी

फिटरकाकांनी पॅकेटचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. लढाऊ विमानांवर सगळे लिहितात. १४ डिसेंबरला श्रीनगरवर एकट्या नॅटनिशी भिडलेले निर्मलजीत सिंग सेखों सगळ्यांना ठाऊक असतात, असायलाच हवेत, हवाई दलातले ते एकमेव परमवीरचक्र. पण १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगर वाचलं ते डाकोटांनी पलटण वेळेवर उतरवली म्हणून, आणि १९६२ मध्ये लडाखात चुशूलला एएमएक्स रणगाडे पोचले ते एएन-१२ च्या पोटातून.

एक भर घालतो. २ पॅरा ही मुळात मराठा पलटण. पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाण्याआधी ती ३ मराठा लाइट इन्फंट्री होती. आणि पुंगलीच्या पुलावर त्यांना येऊन मिळाली ती १ मराठा, जंगी पलटण. वरून मराठे, जमिनीवरून मराठे. मराठा रेजिमेंटच्या युद्धघोषात शिवाजी महाराजांच्या पाठोपाठ 'तेमलाई माता की जय' असतं. आमच्याकडे सगळे तिला आपली टेंबलाईच मानतात. बेळगावचं सेंटर इथून दोन-अडीच तासांवर, आणि आपल्या जिल्ह्यातली किती पोरं तिथे भरती झाली त्याची गणती नाही. ताई, तुमच्या आप्पांच्या विमानात मागे बसलेल्यांत दोन-चार तरी आपल्या बाजूचे असणार.

पेटीतली_पानं

टेंबलाई_टेकडी, हे वाचून मी आईला हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. आई ब्याऐंशीची आहे, कान पक्के आहेत. ऐकून म्हणाली, "व्हय की. ते म्हणायचे मला, मागनं मराठीत शिव्या ऐकू आल्या की बरं वाटतंय."

तिनं सांगितलेलं लिहून ठेवते, नाहीतर राहून जायचं.

१९७१ ला आम्ही आग्र्याला होतो, हवाई दलाच्या क्वार्टरमध्ये. मी सात वर्षांची, धाकटा भाऊ दीड वर्षाचा. आप्पा नोव्हेंबरातच पूर्वेकडे गेले होते, कुठे ते आईला ठाऊक नव्हतं. ३ डिसेंबरला रात्री आग्र्यावर बॉम्ब पडले. त्या रात्री चांदणं टिपूर होतं, पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली. मला आठवतं ते एवढंच, की क्वार्टरच्या मागे खणलेल्या चरात आम्ही सहा-सात बायका-पोरं दाटीवाटीनं बसलो होतो आणि आईनं भावाच्या तोंडावर पदर धरला होता. तो रडला तर वर विमानात ऐकू जाईल असं शेजारच्या बाईंना वाटत होतं आणि आईला तो खुळेपणा आहे हे कळत होतं, तरी तिनं धरला. त्या दिवसांत ताजमहालही गोणपाट आणि फांद्यांनी झाकला होता, संगमरवर चांदण्यात चमकू नये म्हणून.

इकडे मंगळवार पेठेत आजोबा-आजी. आजी रोज अंबाबाईला जाऊन यायची, पायांत चप्पल न घालता. आत्या सांगते ती गोष्ट तारेची आहे. बारा-तेरा डिसेंबरला तारवाला सायकल घेऊन दारात आला. आजोबा ओट्यावर होते. त्यानं तार पुढे केली आणि आजोबांनी हातच पुढे केला नाही. नुसते बघत राहिले. आजी आतून आली, तिनंही घेतली नाही. शेवटी समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं येऊन सही केली, फोडली आणि मोठ्यानं वाचली. आईनं आग्र्याहून पाठवलेली होती: आम्ही सुखरूप आहोत. आग्र्यावरच्या हल्ल्याची बातमी ऐकून घरचे घाबरले असतील म्हणून तिनं तार केली, आणि तिच्याच तारेनं त्या दोघांचा जीव जायची वेळ आली. आजोबांनी पुढे कित्येक वर्षं त्या गिरणीवाल्याला दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट पाठवलं.

शाहूपुरी_४थी_गल्ली

गिरणीवाल्याचं वाचून डोळे भरले. तेव्हा तार म्हणजे काय धडकी असायची, ते आत्ताच्या पोरांना कळणार नाही. बारशाची असली तरी आधी काळजात धस्स.

एक विचारतो. टांगाईलच्या उडीचा तो प्रसिद्ध फोटो, आकाशभर छत्र्या, तो आप्पांच्या ट्रंकेत होता का?

पेटीतली_पानं

आईकडे आहे. वर्तमानपत्रातलं कात्रण, देव्हाऱ्याच्या खणात, पोथीत घालून. आप्पांनी तो फोटो बघितला आणि म्हणाले होते, "हे आग्रा आहे." तेवढंच. आईला वाटलं, चेष्टा करतायत.

टेंबलाई_टेकडी

चेष्टा नव्हती. जगभर छापलेला तो फोटो आधीच्या, आग्र्याच्या सरावाचाच होता. सरकारच्या प्रसिद्धी विभागाकडून तो पत्रकारांना मिळाला, आणि अख्खी ब्रिगेड उतरली अशी बातमी परदेशात गेली. प्रत्यक्षात उतरली एक बटालियन, पण ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनाधिकाऱ्यांच्या मनावर त्या बातमीचा परिणाम झाला. सोळा तारखेला त्यांनी शरणागती पत्करली, आणि ढाक्यात सगळ्यांत आधी शिरली ती हीच २ पॅरा.

आई कात्रण जपतायत ते योग्यच. सरावाचा असला तरी त्यातली विमानं आग्र्याचीच. कुणी सांगावं, एक आप्पांचंही असेल.

पावसाळी_माळ

मी जुन्या कागदपत्रांचं जतन करायचं काम करते, म्हणून मध्येच व्यवहाराचं बोलते. ताई, ती लॉगबुकं कृपा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. आपल्याकडच्या ओलीत प्लॅस्टिकच्या आत बुरशी धरते. पानांमध्ये आम्लरहित (अ‍ॅसिड-फ्री) पातळ कागद घाला, सुती कापडात गुंडाळा, कपाटात जमिनीपासून वर ठेवा. कसरीसाठी जवळ वेखंडाची पुरचुंडी, पण पानाला टेकू देऊ नका. सुतळी सोडा, पत्रांच्या कडा तिनं कापल्या जातात. आणि पेन्सिलीचे आकडे आधी स्कॅन करून घ्या. शाई टिकते, पेन्सिल बोटांनी पुसत जाते. आपण पान उलटताना अंगठा नेमका समासातच ठेवतो.

जुना_फिटर

ताई, दोन दिवस डोक्यात हेच होतं. माझ्या ओळखीचे एक जुने पॅरावाले सुभेदार आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, सरावात उडी झाली की खाली मैदानावर मोजणी व्हायची. सगळे धडपणे उतरले, कुणाचा पाय मोडला, कुणी झाडावर अडकलं, सगळं. मग तो आकडा वर कळवायचे. सगळेच पायलट तो लिहून ठेवायचे नाहीत, लिहायची गरजही नव्हती. तुमच्या आप्पांनी ठेवला. म्हणजे दुसरा आकडा उड्या मारलेल्यांचा नाही. तो जमिनीवर नीट पोचलेल्यांचा.

टांगाईलला कोण कळवणार? खाली लढाई, अंधार पडायला आलेला, जवान शेतांत-तळ्यांत विखुरलेले. विमानं वळून परत.

आणखी एक सांगतो, हे कुणी लिहीत नाही. पायलटला मागची माणसं दिसत नाहीत. हिरवा दिवा लागला की पोरं दोन्ही दारांकडे सरकतात, वजन मागे जातं, नाक उचलायला लागतं. पायलट ट्रिमचं चाक फिरवून ते सावरतो. मग एकेक जण बाहेर पडतो तसं विमान हलकं होत जातं. पायलटला ते हातात कळतं. चाळीस जण गेले की विमान आपसूक वर उठतं. आमचे एक साहेब म्हणायचे, "तो उठलेला क्षण मला आवडत नाही."

पेटीतली_पानं

फिटरकाका, काय लिहू.

पोचल्यावर कळव. आप्पांचं हे वाक्य आमच्या घरात इतकं होतं की आम्ही वैतागायचो. मी पुण्याला नोकरीला लागले तेव्हा एसटी स्टँडवर सोडायला यायचे. गाडी दाभोळकर कॉर्नरला वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे, आणि शेवटचं वाक्य तेच. तेव्हा घरी फोन नव्हता, शेजारच्यांकडे करायचा, आणि रात्री अकराला लोकांना उठवायची मला लाज वाटायची. एकदा नाही केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आप्पा माझ्या खोलीच्या दारात. रात्रीच्या गाडीनं आले होते. मला बघितलं, चहा घेतला आणि परत गेले. मी तेव्हा खूप भांडले त्यांच्याशी. मी लहान आहे का, असं बोलले. ते काहीच बोलले नाहीत.

घरी येणारा कुणीही, गवळी सोडून, पोचल्यावर कळव ऐकल्याशिवाय सुटायचा नाही. माझ्या लग्नात वऱ्हाड निघालं, तेव्हा त्यांनी गाडीत चढून डोकी मोजली होती. सासरच्यांना वाटलं, आहेराचा हिशेब लावतायत.

आईला फिटरकाकांचं वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "विचारायचे ते. पॅराचा कुणी भेटला की विचारायचे, टांगाईलला होतास का. कुठे रेल्वेत, कुठे जोतिबाला. एकदा चैत्रात यमाईच्या देवळापाशी एकाला धरून बसले होते तासभर." मी विचारलं, मग काय कळलं? म्हणाली, "एकाचं कळलं की चाळीस राहतात."

मी तिला म्हटलं, एकाचं कळलं की एकोणचाळीस राहतात. तर म्हणाली, "त्यांच्या लेखी चाळीसच."

रंकाळाकाठ

ताई, मी पहिल्यांदा विमानं किती पाडली विचारलं, त्याचं मनाला लागलंय. माफ करा. उद्या आमच्या वडिलांकडून त्यांच्या मामांचं सगळं लिहून घेणार आहे, ते १९६५ ला वायुसेनेत होते एवढंच मला ठाऊक आहे.

कागल_रोड

बाजूचा विषय आहे, पण राहवत नाही. आमच्या आत्याबाई युद्धात गेलेल्या वैमानिकाच्या पत्नी. पंचवीस वर्षं एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, दरवेळी नवीन कागद. हयातीचा दाखला द्यायला त्या ऐंशीव्या वर्षी रिक्षानं जायच्या. आणि १९७१ चे जे परत आलेच नाहीत, फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्यासारखे, त्यांच्या घरच्यांनी काय काढलं असेल. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. जन्मभर त्यांनी शोध सोडला नाही. तिकडेही तेच, पोचल्याची बातमी नाही.

सैनिक_टाकळीचा

ताई राम राम. धागा आमच्या पोरानं दावला. मी टाईप करत न्हाई, तो लिवतोय, मी सांगतोय.

आमचं आण्णा २ पॅरात हुतं. शिरोळ तालुका, सैनिक टाकळी. आमच्या गावात घरटी एक तरी फौजी, त्यात नवल न्हाई. आण्णा टांगाईलला उडी मारल्यालं. विमान कंचं ते त्यास्नी ठावं न्हवतं, पॅकेट हुतं एवढं सांगायचं, दोन शेपट्यांचं. ते पडलं एका तळ्यात. कमरेएवढं पाणी, गाळ, वर छत्री अंगावर. त्यास्नी वाटलं, गोळीनं न्हाई, पाण्यानंच मराय लागतंय आता. तवर गावातली माणसं आली, बंगाली, त्यांनी वढून काढलं आन सामान डोक्यावर घिऊन पुलापातूर सोबत आली. रातच्याला पुलावर मराठी ऐकाय आली. १ मराठा आल्याली. आण्णा म्हणायचं, तवा म्या पयल्यांदा पाणी प्यालो.

आण्णा सुखरूप आलं. नंतर पंधरा वर्षं नोकरी केली, शेती केली, चार लेकरं, आम्ही. २०१३ ला गेलं, झोपेत.

तुमच्या आप्पांच्याच विमानातनं उडी मारली का न्हाई, ते मला सांगता यायचं न्हाई. पर आमचं आण्णा पोचलं हुतं, हे त्यास्नी कळवायचं ऱ्हायलं हुतं. म्हणून लिवलं.

पेटीतली_पानं

काका, रात्री साडेबाराला वाचलं. आई जागी होती, तिला तसंच्या तसं वाचून दाखवलं. तळ्याचं दोनदा वाचायला लावलं.

मग म्हणाली, लॉगबुक आण. चष्मा लावून ती अकरा डिसेंबरची ओळ शोधली. म्हणाली, पेन्सिल दे. मी म्हटलं, आई, पावसाळी_माळ ताईंनी आधी स्कॅन करा म्हटलंय. म्हणाली, दे.

रेघेच्या पुढे तिनं १ लिहिला. आप्पांच्यासारखाच बारीक, समासाला धरून. टाकळीला येत्या रविवारी येतोय आम्ही, काका. आई येते म्हणतेय. घर कुठल्या बाजूला, एवढं मला स्वतंत्र निरोपात कळवा.

सैनिक_टाकळीचा

या की. जेवायलाच या. आन परत गेल्यावर घरी पोचला म्हणून फोन करा.